संचालकांच्या कोटाची काख

मास्तर गेली तीस वर्षं कोट शिवत होते. वाद्यवृंदाच्या संचालकांचा नवा काळा कोटही त्यांनीच शिवला. संचालक खूश झाले आणि त्यांनी मास्तरांना दोन पास दिले. तिसरी रांग, अगदी मधोमध.

मास्तरांचा समज असा, की संचालक म्हणजे साहेब. येतील, दोन शब्द बोलतील, बसतील. म्हणून कोट त्यांनी काखेत असा चापून बसवला होता, की जणू अंगावरच कापला.

साठेक वादक व्हायोलिनं, बासऱ्या, नगारे सावरून बसले. संचालक आले, टाळ्या झाल्या. मग त्यांनी लोकांकडे पाठ केली आणि दोन्ही हात उचलले.

मास्तर खुर्चीत पुढे सरकले.

"अगं, हा माणूस हात हलवतोय!" ते बायकोच्या कानात कुजबुजले.

"मग काय पाय हलवणार? गप्प ऐका."

ऐकतंय कोण! व्हायोलिनं हळू वाजत होती तोवर हात छातीएवढेच होते. पण नगारे घुमायला लागले आणि संचालक माळ्यावरचा डबा काढावा तसे उंच व्हायला लागले. मास्तरांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

"अहो, चुळबुळ थांबवा. लोक बघतायत."

"माझ्याकडे बघू दे. समोर बघू नये म्हणजे झालं."

शेवटच्या दणक्याला उजवी काख उसवली. आतलं पांढरं अस्तर लख्ख बाहेर आलं.

मध्यंतर होताच मास्तर मंचामागच्या खोलीकडे धावले. सुई, दोरा आणि छोटी कात्री खिशात असायचीच. संचालक घाम पुसत पाणी पीत होते.

"साहेब, चुकलं माझं. पाच मिनिटांत शिवून देतो."

"शिवू नका! मास्तर, आत्ता कुठे माझा हात सुटलाय. आधी वाटत होतं, कोणी मागून धरून ठेवलंय. ती दुसरी बाजूही उसवा."

तीस वर्षांत मास्तरांनी स्वतःची चांगली शिवण कधी उसवली नव्हती. मन घट्ट करून त्यांनी कात्री लावली. पण असं अस्तर दाखवत माणूस लोकांपुढे जाणार कसा? काखेत चौबगला हवा, म्हणजे हात मोकळा राहावा म्हणून जोडतात तो चौकोनी तुकडा. तोही काळा. आणि खोलीतलं काळं कापड सगळं वादकांच्या अंगावर. मास्तरांनी खाली पाहिलं. मग बूट काढले.

"धुतलेले आहेत ना मोजे?" संचालकांनी विचारलं.

"कोरे आहेत साहेब. आजच पाकिटातून काढले."

"मग लावा."

घंटा होईस्तोवर मोठमोठ्या टाक्यांनी दोन्ही काखांत एकेक मोजा बसला.

मास्तर जागेवर येऊन टेकले. संचालकांनी हात उचलले. ते थेट वर गेले आणि कोटाची कॉलर तसूभर हलली नाही. मास्तरांचा जीव भांड्यात पडला, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच त्यांना काहीतरी ऐकू आलं. एक बासरी एकटीच वाजत होती. मग परक्या घरात शिरावं तसं एकेक वाद्य दबकत तिच्यामागे आलं. मास्तर श्वास रोखून ऐकत राहिले.

शेवटी टाळ्या थांबता थांबेनात. उठताना बायकोची नजर खाली गेली.

"अहो, मोजे कुठे गेले तुमचे?"

संचालक दोन्ही हात उंच करून अभिवादन करत होते. मास्तरांनी तिकडे बोट केलं.

"ते बघ. टाळ्या घेतायत."