न वाजलेली शिट्टी

मित्रांनो, पितळेची एक जुनी शिट्टी आज तुमच्याशी बोलते आहे. बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात पत्रा कापून, वाकवून, डाग देऊन मला घडवले आणि शेवटी माझ्या पोटात बुचाची एक छोटी गोळी सोडली. ती गोळी नाचली की माझा आवाज निघतो. आपला जन्म वाजण्यासाठीच आहे, असे मला वाटायचे. पण माझ्या आयुष्यात जे मोठे घडले, ते मी वाजले नाही म्हणून घडले.

माझे धनी सेल्विन एंटविसल. लँकेशरच्या डोंगराळ भागातल्या हॅगशॉ गावात, कापडगिरणीत ते माग दुरुस्त करीत आणि शनिवारी दुपारी रग्बी लीगच्या सामन्यांत पंच होत. तोंडात पेपरमिंटची गोळी, गळ्यात मी. माझ्या टोकावर त्यांच्या दातांच्या खुणा उमटल्या होत्या. मला त्या दागिन्यासारख्या वाटत.

या खेळात चेंडू बगलेत मारून कितीही पुढे धावावे, पण सोबत्याकडे टाकायचा तो मागेच. पुढे टाकला की शिट्टी. ऐकायला सोपे आहे. पण टाकणारा वाऱ्यासारखा धावत असतो आणि चेंडूलाही त्या धावेचा वेग असतो. लोक चेंडू कुठे गेला ते बघत. सेल्विन टाकणाऱ्याचे हात बघत. हात मागे वळले असतील तर चेंडू मागे टाकला, मग तो कुठेही जाऊन पडो, असा नियमच होता. म्हणून आजूबाजूच्या गावांत त्यांना मान होता. सामना संपला की हरलेल्या संघाचा कप्तानसुद्धा त्यांच्यासाठी बिअरचा पेला भरून आणी.

मग तो चषकाचा अंतिम सामना आला. हॅगशॉ विरुद्ध डोंगरापलीकडचे ओल्डक्लफ. सामना आमच्याच मैदानावर होता आणि बाहेरगावचा नेमलेला पंच धुक्यामुळे खिंडीतच अडकला. माणसे तर कधीची जमली होती. आमच्या कप्तानाने सेल्विनचे नाव सुचवले.

“माझा पोरगा खेळतोय,” सेल्विन म्हणाले. “मी नाही उभा राहणार.”

ओल्डक्लफचा कप्तान हसला. “एंटविसल असेल तर आमची ना नाही. याच्या आईनं फाऊल केला तरी हा शिट्टी मारेल!”

सगळे हसले आणि सेल्विन मैदानात उतरले.

त्यांचा मुलगा क्लेम आमचा शेवटचा राखणदार. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने त्याला खोकला लागला होता, आणि त्या दिवशी शहरातल्या मोठ्या संघाचा एक माणूस खास त्याला बघायला आला होता; निवड झाली तर त्याची गिरणी सुटणार होती. क्लेमची आई हिल्डा हातातली डुकराच्या मांसाची कचोरी खायचीच विसरली होती.

सामना संपत आला तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो. ओल्डक्लफचा एक गडी चेंडू घेऊन सुसाट निघाला. अंगावर येणाऱ्याला चुकवता चुकवता त्याने मैदानावरच्या पांढऱ्या रेषेच्या अलीकडून चेंडू सोबत्याकडे टाकला. सोबत्याने तो झेलला तो रेषेच्या पलीकडे. सगळ्या गावाने ते डोळ्यांनी पाहिले. एकच ओरडा झाला, “पुढे! पुढे टाकला!” क्लेमने हात वर केला आणि तो थांबला.

मी सेल्विनच्या दातांत होते. श्वास त्यांच्या छातीतून वर आला, माझ्या तोंडाशी आला आणि तिथेच अडला. माझ्या पोटातली गोळी हललीसुद्धा नाही.

चेंडू घेतलेला गडी हात वर करून उभ्या असलेल्या क्लेमच्या शेजारून निघून गेला आणि त्याने शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले. हॅगशॉ हरले. शहरातल्या माणसाने कोटाची बटणे लावली आणि तो निघून गेला.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस आठवले की अजून माझे पितळ काळवंडते. गिरणीत मागांच्या खडखडाटात कानाला काही ऐकू येत नाही, म्हणून तिथल्या बाया नुसते ओठ हलवून बोलतात आणि एकमेकींचे ओठ वाचतात. सेल्विन हत्यारे घेऊन मागांमधून जाऊ लागले की रांगेतल्या सगळ्या ओठांवर आवाज नसलेला एकच शब्द उमटे, ‘पुढे’. शेजारच्या ग्रिमशॉबाई हिल्डाला पाहून दार लावून घेऊ लागल्या. दारूच्या गुत्त्यात सेल्विन बसले की बाकीचे आपापले पेले उचलून दुसऱ्या टोकाला जात.

एका रविवारी आमचा कप्तान घरी आला. टोपी हातात धरून दारातच उभा राहिला.

“सेल्विन, नुसतं म्हण की चुकलं. धुकं होतं, दिसलं नाही. लोक विसरतील रे.”

“हात मागे होते,” सेल्विन म्हणाले.

“अरे पण चेंडू पुढे गेला! आंधळ्यालाही दिसलं!”

“गेला असेल. त्यानं टाकला मागेच.”

कप्तानाने टोपी डोक्यावर ठेवली. “मग बस आता हात बघत,” असे म्हणून तो गेला.

खरा घाव त्यानंतर बसला. क्लेम जिन्यात उभा राहून सगळे ऐकत होता. तो खाली आला आणि बापाच्या खुर्चीपाशी चक्क गुडघ्यांवर बसला.

“बाबा, शिट्टी वाजेपर्यंत धावायचं, हे मला तुम्हीच शिकवलंत. मी थांबलो. सगळे म्हणतात, बापानं घोटाळा केला आणि पोरगा दगडासारखा उभा राहिला. तुम्ही चुकलात असं म्हणा ना. मग माझं थांबणं तरी बरोबर ठरेल. एकदाच म्हणा. माझ्यापुरतं म्हणा.”

हिल्डा चुलीकडे तोंड करून म्हणाली, “म्हणा हो. काय जातं तुमचं?”

सेल्विनचा हात खिशात आला आणि त्यांनी मला मुठीत धरले. ती मूठ इतकी आवळली की मला वाटले, आता मी चेपणार. त्यांचे ओठ दोनदा उघडले. त्या दिवशी मैदानात अडला होता तोच श्वास मला पुन्हा ऐकू आला. शब्द मात्र आला नाही.

क्लेम उठला. “ठीक आहे,” म्हणाला. “मग मीच दगड.”

त्याने लिव्हरपूलच्या गोदीत काम शोधले आणि सामान बांधले. तो निघाला तेव्हा सेल्विन बस थांब्यापर्यंत त्याच्या मागून चालत गेले. बस आली आणि क्लेम तिच्या मागच्या उघड्या पायरीवर चढून उभा राहिला. बस हलली, वेग घेऊ लागली, आणि सेल्विन वेड्यासारखे मागून धावू लागले. म्हातारा धावतो आहे हे बघून क्लेमचे डोके फिरले. त्याने खिशातून घराची किल्ली काढली.

“ही घ्या तुमची किल्ली! नको मला ते घर!”

दिव्याच्या खांबापाशी बस आली असताना त्याने किल्ली मागे, बापाच्या दिशेने भिरकावली. पण ती बापाकडे आलीच नाही. बसच्या वेगासोबत ती खांबाच्या पुढे, बस जात होती त्याच बाजूला जाऊन फरशीवर खणखणली. सेल्विन खांबाच्या अलीकडे धापा टाकत उभे होते.

बस वळणावर दिसेनाशी झाली. सेल्विन तसेच उभे राहिले.

थोड्या वेळाने, पुढच्या थांब्यावर उतरलेला क्लेम वळणावरून चालत परत आला. किल्लीपाशी थांबला. त्याने खांबाकडे पाहिले, किल्लीकडे पाहिले, मग स्वतःच्या हाताकडे पाहिले. त्याने तो हात पुन्हा मागे झटकून बघितला.

“मी मागे फेकली होती, बाबा.”

“हो.”

“तुमच्याकडेच फेकली होती.”

“दिसलं मला.”

क्लेमने वाकून किल्ली उचलली. मग त्याचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला. “म्हणजे मी थांबायला नको होतं.”

सेल्विननी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “सगळं गाव थांबलं होतं, पोरा. तू एकटा नाहीस.”

पुढच्या बसने क्लेम गेलाच. किल्ली मात्र खिशात घालून गेला. गावाने सेल्विनना अखेरपर्यंत माफ केले नाही आणि त्यांनीही पुन्हा कधी मला दातांत धरले नाही. ते गेले तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला ओल्डक्लफची माणसे डोंगर ओलांडून आली. हॅगशॉची माणसे पडद्याआडून बघत राहिली. आता मी क्लेमच्या घरी, लिव्हरपूलला असते. पोटातली गोळी सुकून आक्रसली आहे. फुंकले तर नुसती वारा गेल्यासारखी सुस्कारते.

मित्रांनो, पंचाचा निकाल पटला नाही तर खुशाल भांडा, मैदानावर गळा फाडून ओरडा. पण सामना संपल्यावर त्याच्या शेजारचा पेला उचलून दूर नेऊ नका. त्याच्या बायकोला पाहून दार लावू नका. माझ्यासारखी शिट्टी कारखान्यात पुन्हा घडवता येते. दाताखाली श्वास रोखून धरणारा माणूस कुठल्याही कारखान्यात घडत नाही.