राखेतलं पाऊल

वेलिकाने नातीच्या पायातला मोजा काढला, तिला काखेत धरून पडक्या भिंतीपलीकडे वाकवलं आणि तिचं पाऊल राखेवर अलगद टेकवलं.

"आज्जी, गार लागतंय!"

"झालं गं बयो. कुणाला सांगायचं नाही हं."

डोंगरमाथ्यावरच्या या प्राचीन वस्तीची राखण वेलिकाकडे होती. सरकारी फलक लागला, कुंपण आलं, तरी सोनं शोधणारे यायचेच. खणण्याआधी ते रात्री राख पसरून जात. सकाळी राखेत ज्याचं पाऊल उमटलेलं दिसेल, त्याचा जीव जागेला द्यायचा, तरच सोनं हाती लागतं, अशी ऱ्होदोपे डोंगरातली जुनी समजूत. कोंबडीचं दिसलं तर कोंबडी, कोकराचं तर कोकरू. पोराचं पाऊल पाहून मात्र भलेभले पळ काढतील, असा तिचा होरा होता.

दुपारी नात ईस्क्रा बिस्किट खात अंगणातून आत आली.

"कुणी दिलं?"

"शेजारच्या ग्रोझ्दानकाकांनी. मला लोकरीचा झगा करणारेत. डोक्यापासून पायापर्यंत दोऱ्याने माप घेतलं."

बळी द्यायची छाती नसली की त्या जिवाच्या उंचीचा दोरा पुरतात, आणि ज्याचं माप मातीत गेलं तो वर्ष काढत नाही, असं वेलिकाची आई सांगायची. गावात लहान पोर एकच उरलं होतं. पाऊल कुणाचं, हे ग्रोझ्दानला कुणाला विचारावंच लागलं नव्हतं.

पोरीला घरात कोंडून ती कुदळ घेऊन धावत सुटली. वाटेत ग्रोझ्दान डोंगर उतरताना भेटला. त्याच्या बुटांना ओली माती होती.

"कुठे पुरलास?"

"मावशी, पोरीच्या केसालाही धक्का लावला नाही मी. आणि वस्ती बघायला येणाऱ्या पाहुण्यांना तुम्हीच हसून सांगता ना, हा सगळा खुळचटपणा आहे म्हणून?"

वेलिका त्याला बाजूला सारून वर धावली.

वर सगळीकडेच माती उकरलेली दिसत होती. रानडुकरांनी, पावसाने की ग्रोझ्दानने, कळायला मार्ग नव्हता. जुन्या चुलीजवळच्या जमिनीवर ती कुणाला पाय ठेवू देत नसे. तिने तिथेच पहिला घाव घातला. खापऱ्या फुटून वर आल्या. दोरा नव्हता. तिने भिंतीचे दगड उपसले. तिथेही नव्हता.

"ओ बाई!" कुंपणाबाहेरून एक सहलीला आलेला माणूस ओरडला. "काय चाललंय? संरक्षित जागा आहे ही!"

"ठाऊक आहे मला," वेलिका म्हणाली, आणि तिने पुन्हा कुदळ उचलली.