नऊ नंबरची ट्यूब

मी एक जुनी ट्यूब आहे. दिव्याची नव्हे हं मित्रांनो, ट्रकच्या चाकातली. काळी, रबराची, अंगावर सात ठिगळं असलेली. तुमच्यापैकी कुणी माझ्या एखाद्या बहिणीला कवटाळून विहिरीत पोहायला शिकलं असेल, तर आपली जुनी ओळख आहे असं समजा.

माझं अर्धं आयुष्य अंधारात गेलं. टायरच्या आत बसायचं, फुगायचं आणि वरचा भार सोसायचा. आमचा ट्रक बान-लाएमच्या मिठागरांतून मीठ भरून बँकॉकला जायचा. वर मीठ आहे हे मला दिसायचं नाही, पण ड्रायव्हर चढावर मिठाच्या नावानं बोटं मोडायचा, त्यावरून कळायचं. माझी कधी कुणी स्तुती केली नाही. ट्यूब चांगली असते तेव्हा ती आहे हेसुद्धा कुणाच्या लक्षात येत नाही. पंक्चर झाली की मात्र सगळे खाली उतरून तिला शिव्या घालतात.

मग बिनट्यूबचे टायर आले आणि आमची गरज संपली. पंक्चरवाल्याच्या मागच्या अंगणात मला फेकून दिलं. पावसाचं पाणी साचलं, डासांनी घर केलं, एका कोंबडीनं तर माझ्यात अंडीसुद्धा घातली. दोन वर्षं मी तिथं पडून होते. आता इथंच कुजायचं, असं मी मनाशी धरून चालले होते.

एके दिवशी तिथं छवीमावशी आली. चा-अमच्या किनाऱ्यावर ती पाण्यात तरंगायच्या ट्यूबा भाड्यानं देते. उन्हाच्या भीतीनं डोक्यापासून बोटांपर्यंत फडकी गुंडाळलेली, फक्त डोळे उघडे, गळ्यात शिट्टी. तिनं मला फुगवलं, हौदात बुडवलं आणि कान लावून ऐकलं.

"ही चालेल," ती पंक्चरवाल्याला म्हणाली. "रबर जुनं आहे. जुनं रबर दगा देत नाही."

उभ्या आयुष्यात माझ्याबद्दल बोललेलं ते पहिलं बरं वाक्य. मी ते अजून विसरले नाही.

किनाऱ्यावरचं काम मला मानवलं. सुरूच्या झाडांखाली कापडी खुर्च्या, त्यांच्यावर छत्रीला छत्री चिकटलेली, त्यामुळे उन्हाचा कवडसासुद्धा खाली पडायचा नाही. सुट्टीत गाड्या भरभरून माणसं यायची. यायची ती समुद्रासाठी, पण समुद्राकडे बघायला वेळ कुणाला? चटईवर गोल करून बसायचं, मध्ये भाजलेली कोंबडी, उकडलेले खेकडे, कच्च्या पपईचा झणझणीत कालवलेला पदार्थ, आणि सगळ्यांची तोंडं जेवणाकडे, पाठ पाण्याकडे. चार वाजता ऊन उतरलं की मगच ही मंडळी पाण्यात शिरायची, तीही शर्ट-पॅंटसकट. आणि मग आमची मागणी.

आता नऊ नंबरचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यानं झालं. छवीमावशी प्रत्येक ट्यूबवर पांढऱ्या रंगानं आकडा काढायची. आकड्यावरूनच ती कोण आत आहे, कोण बाहेर आलं हे बघायची. पण आमच्याकडे नऊ म्हणजे भाग्याचा आकडा. गाडीला नऊ, फोनला नऊ, मग ट्यूबला का नको? जो तो यायचा आणि विचारायचा, "मावशी, नऊ आहे का?"

"नऊ पाण्यात आहे. ही बारा घ्या. पाणी तेच, हवा तीच."

"नको, थांबतो."

बाकीच्या तीस ट्यूबा ढिगात पडून आणि नऊसाठी रांग. शेवटी एका दुपारी मावशी वैतागली. तिनं रंगाचा डबा काढला आणि आणखी तिघींचे जुने आकडे खरवडून त्यांच्यावरही नऊ काढले. त्यातली एक मी.

"गिऱ्हाईक खूश, मीही खूश," ती ब्रश धूत म्हणाली. "नशीब काय एकाच ट्यूबला लागून आलंय का?"

आणि खरं सांगते, मलाही आनंद झाला. कोंबडीनं अंडी घातलेली मी, आणि लोक मला हात लावून कपाळाला लावू लागले. मी जरा फुगलेच म्हणा ना.

वर्षावासाची जोडून सुट्टी होती. भिक्खू विहारात बसतात आणि बाकीचा देश समुद्रावर येतो, असे ते दिवस. या दिवसांत आमच्याकडे वारा जमिनीकडून येतो आणि पाण्यावर जे तरंगतं ते आत ढकलतो. लाटा नसतात, पाणी तेलासारखं शांत दिसतं, म्हणून नव्या माणसाला काही कळत नाही. मावशी अशा दिवशी घसा फोडून सांगायची, "गुडघ्याच्या पुढं नाही हं, कुणी गुडघ्याच्या पुढं जायचं नाही."

त्या दिवशी दूर ईशान्येकडून, रॉय-एतच्या भातशेतांतून एक कुटुंब आलं. रात्रभर गाडीच्या मागच्या हौद्यात बसून प्रवास केलेला. त्यांच्यात खाम्पून आजी होती. वय त्र्याहत्तर, अंगानं वाळलेली, डोक्यावर वेताची टोपी. तिनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तिची मुलगी बुआलाय तिला हाताला धरून घेऊन आली.

"मावशी, आईला नऊ नंबरची द्या. पहिल्यांदाच बसतीये."

मावशीनं मला दिलं. आजीनं मला वरून खालून पाहिलं आणि बोटानं दाबलं.

"हवा बरी हाय," ती म्हणाली. तिचा नवरा गावात सायकली दुरुस्त करायचा, त्यामुळे ट्यूब तिला नवी नव्हती. नवं होतं ते पाणी.

गुडघाभर पाण्यात बुआलायनं तिला माझ्यात बसवलं. आजी मधल्या भोकात जी रुतली ती रुतलीच. पाय एकीकडे, डोकं दुसरीकडे. पाच मिनिटांत तिला ते इतकं आवडलं की तिनं टोपी तोंडावर ओढली. इतक्यात खांद्यावर कावड घेतलेली खेकडेवाली आली. बुआलाय म्हणाली, "आई, हलू नकोस, मी खेकडे घेऊन आलेच." आजीनं हलायचं नाही हे ऐकलं आणि ती खरंच हलली नाही. ती झोपली. हलले ती मी. वाऱ्यानं मला हळूच उचललं आणि मी काही करू शकले नाही, कारण ट्यूबला ना हात ना वल्हं.

आजीला जाग आली तेव्हा छत्र्या अंगठ्याएवढ्या दिसत होत्या. तिनं टोपी काढून हलवली. हाका मारल्या. पण सांगितलं ना, सगळ्यांची पाठ पाण्याकडे आणि वारा आवाज आमच्याच बाजूला आणत होता. तिला पोहता येत नव्हतं. मी मनात म्हटलं, बाई, आता मीच तुझी जमीन.

आणि नेमकं तेव्हाच माझ्या व्हॉल्व्हजवळचं ठिगळ एका कडेनं सुटलं. बारीक बुडबुडे येऊ लागले. चाळीस पोत्यांचा भार सोसलेली मी, एका वाळक्या म्हातारीला धरून राहू शकत नव्हते. मला अशी लाज कधी वाटली नव्हती.

आजीनं बुडबुडे ऐकले. "आता तू बी सोडून चाललीस व्हय?" ती मला म्हणाली. "थांब, काळे. सोडू नगंस."

तिनं कमरेची गाठ सोडली. तिथं चिकट भाताचा एक गोळा होता. गाव सोडताना जेवण कुठं मिळेल, न मिळेल, म्हणून बांधून घेतलेला. तिनं तो मळला, ठिगळाच्या कडेवर थापला आणि वरून अंगठा गच्च दाबला. भातानं काही पंक्चर निघत नाही, मित्रांनो. पण अंगठ्यानं हवा थांबली. ती तशीच बसून राहिली आणि माझ्याशी बोलत राहिली. नातवंडांची नावं, म्हशीची नावं, नवरा कसा सोल्यूशन लावून फुंकर मारायचा, सगळं. अंगठा दमला की ती दुसऱ्या हातानं त्याला आधार द्यायची.

इकडे किनाऱ्यावर काय झालं ते छवीमावशी आजही स्वतः सांगते, आणि सांगताना स्वतःची अक्कल काढते. बुआलाय खेकडे घेऊन आली, पाहते तर आई नाही. ती पळत मावशीकडे गेली.

"माझी आई कुठंय? नऊ नंबरवर होती."

मावशीनं ढिगाकडे बघितलं. वर ओली नऊ पडली होती. "ती बघ की नऊ. परत आलीये. न्हाणीघरात गेली असेल, गोड्या पाण्यानं अंग धुवायला."

सगळं कुटुंब न्हाणीघरांत शोधायला गेलं. मग दुकानांत. मग किनाऱ्यावरच्या छोट्या देवळापाशी. अर्धा तास गेला. तेवढ्यात कॉलेजच्या दोन मुली हसत आल्या आणि त्यांनी मावशीपुढं एक ट्यूब टाकली. तिच्यावरही नऊ. मावशीचे हात थांबले. तिनं ढीग उपसला. एक नऊ, दोन नऊ, तिसरी एका खुर्चीखाली. चौथी नव्हती.

तेव्हा ती पहिल्यांदा पाण्याकडे वळली. दूरवर एक काळा ठिपका होता.

मावशी धावली ती थेट धक्क्याकडे. तिथं मच्छीमार याम काका माकूल धरायला संध्याकाळची होडी बाहेर काढत होता. ती गुडघाभर पाण्यात शिरली, होडीची कड धरली आणि म्हणाली, "दादा, माझ्या चुकीनं एक म्हातारी वाहून गेलीये. आत्ता चल." काकानं तिला वर ओढलं आणि इंजिन सुरू केलं.

मी इंजिनाचा आवाज ऐकला तेव्हा माझ्यात निम्मी हवा उरली होती. पाणी आजीच्या छातीपर्यंत आलं होतं. काकानं वाकून तिच्या काखेत हात घातले.

"आजी, सोडा आता ट्यूब. या वर."

"आधी हिला घ्या. अंगठा काढला तर ही बुडंल."

"बुडू दे की. ट्यूबच आहे."

"हिनं मला न्हाई सोडलं मरायला," आजी म्हणाली. "मग मी हिला कशी सोडू?"

शेवटी आम्हा दोघींना एकदमच ओढून घ्यावं लागलं. तसंही ती माझ्यातून निघत नव्हती. छवीमावशी रडत होती, हसत होती आणि तोंडावरची फडकी ओढून काढत होती. इतक्या वर्षांत मी तिचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. हुश्श म्हणायला मला तोंड नाही, पण उरलेली हवा मी निवांत सोडून दिली.

किनाऱ्यावर बुआलायनं आईला मिठी मारायच्या आधी चांगलं फैलावर घेतलं. "कुठं गेली होतीस गं? हलू नकोस म्हटलं होतं ना?"

"मी कुठं गेले? मी बसले होते," आजी म्हणाली. मग लेकीचे थंड पडलेले हात तिनं हातात घेतले. "भ्यालीस लई. तुझा जीव उडालाय बाळा. दोरा आणा कुणीतरी."

आमच्याकडे माणूस भ्याला की त्याचा जीव अंगातून निघून भटकतो, असं म्हणतात. त्याला हाक मारून परत आणावं लागतं आणि मनगटाला पांढरा दोरा बांधून अंगात थोपवावं लागतं. मावशीनं खुर्च्यांचं कापड शिवायचा दोरा आणला. आजीनं आधी लेकीला बांधला. "ये रे जिवा, पाण्यातून ये, वाऱ्यातून ये, घरी ये." मग जावयाला, मग याम काकाला. छवीमावशी लांब उभी होती, हात जोडून.

"आजी, चूक माझी आहे. मला नको."

"चूक केलीस म्हनून तर तू सगळ्यात जास्त भ्यालीस," आजी म्हणाली. "आण हात."

मावशीच्या मनगटाला गाठ मारून झाली. हातात वीतभर दोरा उरला. आजीनं आजूबाजूला पाहिलं, कुणी राहिलंय का. मग ती वाळूत माझ्यापाशी बसली, भातानं माखलेलं ठिगळ पुसलं आणि उरलेला दोरा माझ्या व्हॉल्व्हला बांधला. "तू बी भ्यालीस का गं? तू बी ये," ती म्हणाली. कुणी हसलं नाही.

मित्रांनो, मी मिठाचे डोंगर वाहिले, शेकडो पोरं पाण्यावर धरली. तू भ्यालीस का, असं मला त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. आणि मी भ्याले होते, खूप भ्याले होते.

दुसऱ्याच दिवशी मावशीनं जादाचे सगळे नऊ खरवडले. आता नऊ एकच आहे आणि तिच्यासाठी रांग लागते. लागू दे, असं मावशी म्हणते. मला तिनं पुन्हा पाण्यात पाठवलं नाही. मी तिच्या खुर्चीमागं भिंतीला टेकून असते, कधी तिचा तान्हा नातू माझ्यात झोपतो. दोरा खाऱ्या हवेनं आठवड्यात गळून पडला. त्याचं काम झालं होतं.

माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. आपली माणसं आकड्यावर मोजू नका, तोंड बघून मोजा. आणि हरवलेलं कुणी परत आलं, माणूस असो की एखादी जुनी फाटकी वस्तू, तर कुठं होतीस हे नंतर विचारा. आधी हात हातात घ्या आणि विचारा, भ्यालीस का गं?