थांब्यावरची आठ मिनिटं

बससेवेच्या तक्रार विभागात एकच खुर्ची होती, आणि तिच्यावर बसणाऱ्या कारकुनाला सगळे ‘सरासरी’ म्हणत. कुठलीही तक्रार आली की तो सरासरी काढायचा आणि तक्रार त्यात विरघळून जायची. घरी त्याला हाक मारणारं फक्त कपडे धुण्याचं यंत्र होतं, तेही पाणी अडलं तरच.

गुरुवारी मात्र पत्र येई. लिहिणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका होत्या. पहिल्याच पत्रात त्यांनी तापाच्या तक्त्यासारखा एक तक्ता जोडला होता. ‘महाशय, तुमच्या पाटीवर तासाला सहा गाड्या लिहिल्या आहेत, म्हणजे दर दहा मिनिटांना एक. वाटेल तेव्हा थांब्यावर गेलं तर सरासरी पाच मिनिटं थांबावं लागायला हवं. मी दोनशे वेळा थांबले. सरासरी आठ मिनिटं येते. कृपया खुलासा करावा.’

खुलासा सोपा होता. नोंदवही सांगत होती की गाड्या तासाला सहाच सुटतात. दहाचे निम्मे पाच. बाईंचं चुकत होतं.

बाईंना हे पटेना. अकरा महिने पत्रं चालली. बाईंचे तक्ते वाढत गेले आणि मधूनच बाकीचंही येऊ लागलं. ‘आपल्या गुडघ्यांबद्दल वाचून वाईट वाटले,’ असं सरासरीने एकदा सरकारी कागदावर लिहिलं, ‘तथापि सरासरी पाचच आहे.’ पुढच्या गुरुवारी उत्तर आलं की गुडघ्यांना हे कळवलं आहे, पण ते आठवरच ठाम आहेत. ते वाचून तो हसला, आणि हसल्याचं कुणाला सांगावं म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं. समोर कपाट होतं.

मग एक पत्र आलं, त्यात विनोद नव्हता. ‘मुलगा म्हणतो, आई, एकट्या माणसाला वेळ मोठाच वाटतो. आता तो मला एकटीने बाहेर सोडायला तयार नाही. डोक्यावर परिणाम झालाय असं स्पष्ट म्हणत नाही, इतकंच. मी चाळीस वर्षं घड्याळ बघून लोकांची नाडी मोजली. माझं चुकत असेल तर तसं लिहा. नसेल तर तेही लिहा. मला ते घरात दाखवायचं आहे.’

त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी फाइल उचलून वजन केल्यासारखी हातात धरली.

“ही बाई तुम्हाला निवृत्तीपर्यंत पुरवायची आहे का?”

“तपास चालू आहे, साहेब.”

“अकरा महिने? खून झालाय का कुणाचा? महिनाअखेर मान्य लिहा नाहीतर अमान्य, आणि मोकळे व्हा.”

मोकळं होण्याचा नियम असा होता: ‘अमान्य’ लिहिलं तर तक्रारदाराला अपील करता येई, आणि अपीलही सरासरीच्याच टेबलावर येई. ‘मान्य’ लिहिलं की फाइल बंद. त्या विषयावर पुन्हा पत्र घेतलं जात नसे.

दुपारी तो कधी नव्हे तो आगारात गेला. त्या मार्गाचा जुना चालक डबा धुवत होता.

“सरासरीसाहेब खाली? वरची सरासरी संपली वाटतं.”

“तुमच्या गाड्या दहा-दहा मिनिटांनीच निघतात ना?”

“निघतात की. पोचत नाहीत. पुढची गाडी सगळी गर्दी उचलत जाते, तिला उशीर होतो. मागची रिकामी, पळत येऊन तिच्या शेपटीला लागते. दोन गाड्या दोन मिनिटांत, मग अठरा मिनिटं कुणी नाही. पुन्हा दोन, पुन्हा अठरा.”

“तरी तासाला सहाच झाल्या.”

“सहाच. आम्ही कुठं नाही म्हणतोय?”

सरासरी वर आला आणि कागद घेऊन बसला. दोन आणि अठरा, सरासरी दहा. नोंदवही बरोबर होती. पण नोंदवही गाड्यांना विचारत होती, आणि गाडीच्या लेखी दोन मिनिटांची फट आणि अठरा मिनिटांची फट सारखीच, एकेक. थांब्यावर येणारं माणूस फट निवडत नाही. तासातली चोपन्न मिनिटं मोठ्या फटींनी व्यापलेली, छोट्यांच्या वाट्याला सहा. म्हणजे दहातल्या नऊ वेळा माणूस मोठ्या फटीतच सापडणार आणि तिथे सरासरी नऊ मिनिटं उभं राहणार. उरलेल्या एका वेळी एक मिनिट. हिशेब आला आठ मिनिटं, बारा सेकंद.

अकरा महिने दोघंही बरोबर होते. तो गाडीत बसून मोजत होता आणि बाई रस्त्यावर उभं राहून.

आता ‘अमान्य’ लिहिण्यात अडचण काहीच नव्हती. नोंदवही पाठीशी होती, साहेबांनी सही केली असती, आणि गुरुवारी अपील आलं असतं, बहुधा दोन तक्त्यांसह. त्याने ‘अ’ लिहिलादेखील. मग तो कागद फाडला.

नवीन कागदावर त्याने ‘मान्य’ लिहिलं. नियमाप्रमाणे तेवढं पुरे होतं. त्याने पुढे दोन पानं लिहिली, फटींचं चित्र काढलं, आणि मुलाला समजावं म्हणून ते दुसऱ्यांदा सोपं करून काढलं. शेवटी लिहिलं, ‘आपले घड्याळ व आपण, दोन्ही ठीक आहात.’ शिक्का मारून पत्र नोंदणी टपालाने पाठवलं.

पुढच्या गुरुवारी पोचपावती आली. टपालवाल्या मामांनी ती टेबलावर ठेवली. सही मुलाची होती. सरासरीने पावती उलटून पाहिली. मागे काही लिहायला जागाच नसते.

“मामा, मुलाने घेतलं. पण वाचलं असेल का त्याने? आईला तरी दिलं असेल?”

मामांनी पिशवी खांद्यावर सारखी केली.

“वाचलं तरी असेल, नाहीतर नसेल. दोनच गोष्टी. म्हणजे अर्धी-अर्धी शक्यता.”

एरवी या वाक्यावर सरासरीने मामांना तासभर खुर्चीवर बसवून घेतलं असतं. दोन गोष्टी आहेत म्हणून त्या समसमान नसतात, हे त्याचं या खोलीत कितीतरी जणांना सांगून झालं होतं.

“अर्धी म्हणजे बरीच झाली,” तो म्हणाला.

मामा गेले. त्याने पावती फाइलला लावली आणि दोरी बांधली. मग उद्याचं टपाल किती वाजता येतं, हे विचारायला तो जिन्यापर्यंत गेला.