यादीप्रमाणे

ग्लास नाकापाशी नेऊन बाबांनी डोळे मिटले, घोटभर वाइन तोंडात घोळवली आणि जराही न अडखळता सांगितलं, "शिराझ."

मुलीनं हातातल्या बाटलीवरचं लेबल पुन्हा वाचलं. तिथं मर्लो, म्हणजे वेगळ्याच द्राक्षाचं नाव, लिहिलं होतं. मग तिनं दुसऱ्या बाटलीतून ओतलं. ती शिराझ होती आणि बाबा तितक्याच ठामपणे मर्लो म्हणाले. बाकीच्या चार द्राक्षांत एकही चूक नाही, या दोघांत मात्र सरळ अदलाबदल. बरोबर-चूक न सांगता तिनं तीन वेळा करून पाहिलं आणि तिन्ही वेळा तेच झालं.

बाबा निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ. पस्तीस वर्षं प्रत्येक फिल्मवर डाव्या-उजव्याची खूण नीट लागली की नाही हे बघण्यात गेली; कुणाकडून उलटसुलट झालं की त्याची खैर नसे. निवृत्तीनंतर त्यांना वाइनचं वेड लागलं, पिण्याचं कमी आणि ओळखण्याचं जास्त. कोणत्या द्राक्षाची वाइन हे नुसत्या वासावरून, चवीवरून सांगायचं, म्हणजे लेबल दिसता कामा नये. ते काम आपसूक आईच्या गळ्यात पडलं. ती शाळेत शिवण शिकवायची आणि वाइनच्या नुसत्या वासानं तोंड वाकडं करायची. तरी दुकानातून बाटल्या तीच आणायची, स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवायची, औषधाच्या धुतलेल्या लहान बाटल्यांत थोडी थोडी भरायची आणि त्यांवर नंबर चिकटवायची. कोणत्या नंबरात काय, याची यादी कपाटाच्या दाराला आतून लावलेली. दर रविवारी दुपारी आई नंबर न दाखवता ग्लासात ओतून द्यायची, बाबा नाव सांगायचे, ती यादीत बघून 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणायची. असं आठ वर्षं चाललं.

आईला जाऊन दोन महिने झाले होते. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली आणि दुपारपर्यंत सगळं संपलंही. लहान बाटल्या रिकाम्याच राहिल्या होत्या, म्हणून आज मुलगी थेट मोठ्या बाटल्यांतून ओतत होती. शनिवारी वाइन ओळखण्याची परीक्षा होती, आणि त्यासाठी बाबांचा फॉर्म आईनंच भरून ठेवला होता. घरात बसून फुशारक्या पुरे झाल्या, एकदा कागदावर दाखवा, असं तिचं म्हणणं. त्यामुळे या परीक्षेत बाबा नापास झालेले दोघांनाही चालणार नव्हते.

कपाटाचं दार उघडल्यावर मुलीला उलगडा झाला. लेबलावरची परकी अक्षरं वाचायचा आईला कंटाळा. ती चित्रावरून बाटली ओळखायची. यादीत तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : चार, पक्षी, शिराझ. सहा, दरवाजा, मर्लो. पक्ष्याच्या बाटलीत होती मर्लो. पहिल्याच दिवशी नावं उतरवताना दोन ओळी इकडच्या तिकडे झाल्या होत्या आणि बाबा आठ वर्षं तेच पाठ करत बसले होते. पुस्तकात मर्लो मऊ आणि शिराझ मिऱ्यासारखी तिखट असं दिलेलं. बाबांना उलटं लागायचं, तेव्हा लिहिणाऱ्याला सर्दी झाली असेल, असं म्हणून ते पान उलटायचे. एकदा तर कुणाच्या तरी घरी जेवायला गेले असताना त्यांनी यजमानाशीच हुज्जत घातली होती, आणि आई शेजारी बसून नवऱ्याकडे कौतुकानं बघत होती.

सांगावं की नाही यात मुलीचा तास गेला. शेवटी तिनं सांगून टाकलं.

बाबांनी चष्मा लावून यादी वाचली आणि ते हसायला लागले. आपल्या हाताखाली असती तर पहिल्या आठवड्यात हिला मेमो दिला असता, म्हणाले. हसता हसता ते पलंगाच्या कडेवर बसले आणि चष्मा न काढताच रडू लागले. दोन महिन्यांत ते पहिल्यांदाच रडत होते. मुलगी शेजारी बसून राहिली. तिला आईचा रागही आला आणि तिची आठवणही आली.

सोमवारपासून रोज दुपारी सराव सुरू झाला. गुरुवारपर्यंत मर्लोला मर्लो आणि शिराझला शिराझ, एकदाही चूक नाही. 'बरोबर' ऐकलं की बाबा नुसती मान डोलवायचे. शुक्रवारी ग्लास धुताना त्यांनी विचारलं, की टाका चुकला तर तुझी आई वर्गात काय सांगायची?

उसवा आणि परत घाला, असं सांगायची, मुलगी म्हणाली. बाबा हं म्हणाले.

परीक्षा एका हॉटेलच्या सभागृहात होती. मुलगी बाहेर खुर्चीवर बसून राहिली. तासाभरानं बाबा आले आणि तिच्या शेजारी टेकले.

"कसं गेलं?"

"सगळं ओळखलं. दुसऱ्या ग्लासात मर्लो होती, पाचव्यात शिराझ. वास घेताक्षणी कळलं."

"म्हणजे पास."

"नाही. लिहिताना तिच्या यादीप्रमाणे लिहिलं."

मुलगी त्यांच्याकडे वळली. "बाबा, फॉर्म तिनं भरला होता. तुम्ही पास व्हावं म्हणून."

"माहीत आहे गं. पेन टेकवलं होतं बरोबर नावासाठीच. हात पुढे जाईना." त्यांनी बोटांकडे पाहिलं. "तिला चूक म्हणायचं, तर ऐकायला ती हवी ना."

तेवढ्यात परीक्षक बाई त्यांचा कागद घेऊन बाहेर आल्या. तरुण होत्या, स्वभावानं मायाळू असाव्यात. काकांचं नाक उत्तम आहे, पण सहापैकी पाच उत्तरं बरोबर लागतात आणि इथं चारच आहेत, असं त्यांनी समजावून सांगितलं. दोन नावांची तेवढी अदलाबदल झाली होती.

"जुनी सवय दिसते," त्या म्हणाल्या. "कुणाकडे शिकलात तुम्ही?"

"बायकोकडे."

"मग त्यांना सांगा, एवढं एक नीट करून घ्यायला."

"सांगतो," बाबा म्हणाले आणि त्यांनी कागद घ्यायला हात पुढे केला.