चौथ्या दिवसाचा आकडा

सोमवारी प्रयोगशाळेत आल्या आल्या तिने कपाटातली फिल्म काढली आणि सहज मोजायला लावली. तशी गरज नव्हती. गुरुवारीच फिल्मचा विजेला होणारा रोध ऐंशी ओहम, म्हणजे हवा तितका कमी, भरला होता आणि सरांनी आनंदाच्या भरात तो आकडा कंपनीला कळवूनही टाकला होता. तळहाताएवढं प्लास्टिक, त्यावर केसापेक्षा हजारो पटींनी बारीक अशा कार्बनच्या नळ्यांचं जाळं. आरपार दिसायचं, वीज वाहायची, वाकवलं तरी तडा जायचा नाही. मोबाइलच्या घडी घालता येणाऱ्या पडद्यासाठी कंपनीला नेमकं असंच काहीतरी हवं होतं. बुधवारी त्यांची माणसं बघायला येणार होती.

आज आकडा आला एकशे तीस.

तिने यंत्राच्या सुया पुसल्या, पुन्हा मोजलं. एकशे एकतीस. घोडं कुठे पेंड खातंय ते तिला कळलं. फिल्म आम्लात बुडवली की रोध झपकन उतरतो. ती किमया आता हवेत विरत चालली होती. दिवसभर तिचा पाय एका जागी ठरला नाही. अर्ध्या-अर्ध्या तासाने ती यंत्राशी जाऊन उभी राहायची.

घरी तेच. ताई म्हणाली, "अगं, ताटाला भोक पाडशील घासून घासून. झालंय काय?"

तिने सगळं सांगितलं.

"मग सांग की सरांना."

"ते हवेत आहेत गं. सगळ्यांना सांगून बसलेत."

"सांगितलंस तर आत्ता बोंब, नाही सांगितलंस तर दोन महिन्यांनी. बोंब काही चुकत नाही."

मंगळवारी तिने सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"उद्या सकाळी ताजी फिल्म आम्लात बुडव. दहा वाजता मोजून दाखव. आकडा खराच येईल ना?"

"उद्यापुरता येईल, सर."

"तेवढं पुरे."

बुधवारी ताजी फिल्म एकोणऐंशी भरली. सरांचा चेहरा खुलला. पाहुण्यांतल्या पांढऱ्या केसांच्या इंजिनिअरबाईंनी फिल्म उजेडात धरली आणि विचारलं, "किती दिवस टिकतो हा आकडा?"

"तसा स्थिरच..." सरांनी सुरुवात केली.

"नाही टिकत," ती म्हणून गेली. "चार दिवसांत एकशे तीस होतो." आणि तिने जुनी फिल्म यंत्राखाली सरकवली. एकशे अडतीस.

बाईंनी तो आकडा वहीत उतरवला, आभार मानले आणि "टिकायला लागली की कळवा" एवढं म्हणून त्या निघाल्या. करार झाला नाही.

सर तीन आठवडे तिच्याशी बोलले नाहीत. काही सांगायचं असलं की टेबलावर चिठ्ठी. तिने मात्र नाद सोडला नाही. नळ्यांवर पारदर्शक लेप चढवून हवा अडवायची, असं तिने मनाशी ठरवलं. पहिला लेप धुरकट निघाला, दुसरा सोलला, तिसऱ्याने रोध दुप्पट केला. जेवणाचा डबा तसाच परत जायचा. सातवा लेप बसला: एकशे दहा. पंधरा दिवसांनी एकशे बारा.

ती कागद घेऊन सरांपुढे उभी राहिली.

"हे काही ऐंशी नव्हे," सर म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज तिला ऐकू आला.

"नाही, सर."

त्यांनी कागद परत वरपासून वाचला. "महिना भरू दे. मग बाईंना तूच फोन कर."

ती बाहेर पडली, जिना अर्धा उतरली आणि राहवेना म्हणून वळून पुन्हा मोजायला गेली.