उजवीकडची शिडी

टीव्हीवर मंत्र्यांनी छडी टेकवली ती नेमकी वेल्डरच्या टाकीवर. गुप्तहेरांनी शेजारच्या देशातून आणलेला फोटो होता. "हेच ते विषारी वायूचं कोठार!" मंत्री गरजले. वेल्डरचा चहा मांडीवर सांडला. ती टाकी त्यानेच तिकडच्या एका डेअरीसाठी बनवली होती. ड्रॉइंग उलटं धरल्यामुळे नळाच्या डावीकडची शिडी उजवीकडे लागली, म्हणून मालकाने त्याची आईबहीण काढली होती. तशी टाकी जगात दुसरी नव्हती.

तो थोरल्या भावाच्या वर्कशॉपमध्ये धावत गेला. भावाचा मुलगा फौजेत, सीमेवर होता आणि त्या कोठारावर हल्ला आज ना उद्या होणार होता.

"दादा, ती दुधाची टाकी आहे रे! पोराला कळव."

"सरकारला कळत नाही आणि तुला कळतं? मोठा आला शहाणा!"

"माझी चूक मी ओळखणार नाही?"

दादाने हाकलून दिलं, तेव्हा वेल्डरने पेपरवाल्यांना सांगितलं. बातमी छापून आली आणि सकाळीच जमाव आला. गद्दार म्हणत त्यांनी त्याला त्याच्याच सळयांनी दात पडेपर्यंत झोडपलं आणि फरफटत दादाच्या वर्कशॉपमध्ये नेलं. दादाने त्याचा उजवा हात ऐरणीवर दाबून धरला.

"माझा पोरगा फुकट मरायला गेलाय म्हणतोस?"

दादाचा हातोडा तीनदा पडला. खऱ्याची दुनिया नसते म्हणतात. इथे तर खऱ्याचा हातही धड राहिला नाही.

महिन्याने पुतण्या धडधाकट परतला. दादा वर्कशॉपमध्ये पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता; पुतण्याला बघायला वेल्डरही आला होता. पुतण्या त्याच्याकडे न बघता काकाच्या प्लास्टरकडे बघत राहिला. हात कोणी मोडला, का मोडला, ते त्याला गल्लीतच कळलं होतं.

"काका, दोन बाया कॅन घेऊन पळत होत्या. विष नेताहेत समजून मी गोळ्या झाडल्या. एकीचं अर्धं तोंड उडालं. दुसरी पोट धरून ओरडत होती, तिला जवळ जाऊन मारली. मग टाकी फुटली आणि दूध आमच्या बुटांपर्यंत आलं. शिडी उजवीकडेच होती."

दादाच्या हातून पुडा पडला.

पुतण्याने स्वतःचा उजवा हात ऐरणीवर ठेवला आणि पायाने हातोडा बापाकडे सरकवला.

"बाबा, याच हाताने चाप ओढला. आता हाही मोडा."

दादा हातोड्यापासून मागे सरकला. वेल्डर डाव्या हाताने पुतण्याला ओढत होता, पण तो हात काही केल्या ऐरणीवरून हलेना.